शेवंतीनं घेतलेली यंत्राची परीक्षा

गोवा राज्य झालं त्या वर्षी मुळगावात शेवंतीच्या शेताशी एक सरकारी जीप थांबली. केरबा नावाच्या कोल्हापूरकडच्या इंजिनिअरनं बांधालगत बारा खुंट्या रोवल्या, वायरीनं एका पेटीला जोडल्या आणि जमिनीवर लोखंडी पाटा ठेवून त्यावर घण घालायला सुरुवात केली.

शेवंती हातात कोयता घेऊनच आली. तिच्या दिराचं शेत असंच मोजता मोजता खाणीत गेलं होतं.

"खाणीचो मनीस मरे तू?"

"नाही मावशी, गावासाठी पाणी शोधतोय. घणाचा हादरा अखंड खडकातून भरभर धावतो, फुटक्या खडकातून रेंगाळतो. रेंगाळला की समजायचं, खाली भेगा आहेत. पाणी भेगांतच साठतं."

शेवंतीला ते पटेना. तिच्या नवऱ्यानं पूर्वी खणलं तेव्हा घरामागं मातीखाली अखंड काळा फत्तर लागला होता, आणि ओहोळाकडे चिरफाळलेला दगड. यातलं अक्षरही न सांगता तिनं दोन्हीकडे खुंट्या लावायला लावल्या.

पेटीतून निघालेले कागद पाहून केरबा म्हणाला, "घरामागं अखंड खडक. ओहोळाकडे मात्र पार फुटलेला."

अगदी बरोबर होतं. तरी ती म्हणाली, "खाण काडपाची ना, अशें बरोवन दी."

केरबानं 'इथं खाण काढणार नाही' असं लिहून खाली सही केली.

महिन्याभरानं ओहोळाकडे बोअर मारली आणि पाणी लागलं. पहिला तांब्या शेवंतीनं केरबापुढं धरला. तो प्याला. घटकाभर त्याच्याकडे नीट बघून मगच तिनं आपल्यासाठी दुसरा भरला.