गुलमंडीची खरखर

चार माणसं एका रेकॉर्ड प्लेयरभोवती बसली की गाणी कमी आणि किस्से जास्त जमतात. आमचा अड्डा गुलमंडीच्या बाजारात, सलीमभाईंच्या कापड दुकानाच्या माळ्यावर, दर रविवारी. भांडण कायम एकच. जुनं गाणं कॉम्प्युटरवर धुऊन-पुसून पुन्हा तबकडीवर आणतात, त्या डिजिटल रिमास्टरमध्ये काही दम आहे का? देशमुख इंजिनिअर म्हणणार, "आहे म्हणजे काय!" सलीमभाई म्हणणार, "खाक है!"

सोनकांबळे काका मात्र कुणाच्याच बाजूनं नाहीत. त्यांचे वडील भीमगीतांच्या जलशात गायचे. त्या जलशाची एकुलती एक रेकॉर्ड ऐकून ऐकून पार झिजली होती, आणि आता तिची रिमास्टर येणार होती. काकांचा सगळा जीव तिच्यात अडकलेला.

*

एकदा देशमुखांनी नवी रिमास्टर लावली आणि डोळे मिटले. "बेस ऐका, बेस! जुन्यात हा ठोका होता का?"

खरंच, छाती हादरत होती. गाणं संपलं. ठोका चालूच! दुष्काळाचे दिवस, मागच्या बोळात बोअरचं मशीन लागलं होतं.

पाणी काही लागलं नाही. बेस मात्र दोन दिवस होता.

*

त्याच दुष्काळात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि हे देशमुख नव्या रेकॉर्डला आंघोळ घालत बसलेले. तीही टँकरच्या पाण्यानं! वाळल्यावर वर क्षारांचा पांढरा थर. सुई ठेवली तर आतून भजी तळल्याचा आवाज.

सलीमभाई खूश. "कंपनीनं एवढं मशीन लावून खरखर काढली, तुम्ही एका बादलीत परत घातली!"

चहा घेऊन आलेल्या भाभी, म्हणजे सलीमभाईंच्या बेगम, म्हणाल्या, "उसकू बाद में नहलाव भाई, पहले आप नहाव!"

*

शेवटी पडदा लावून परीक्षा घ्यायची ठरली. पडद्यामागं सलीमभाई. एकदा जुनी वाजवणार, एकदा नवी.

देशमुख म्हणाले, "पहिली नवी. काय स्वच्छ!" मी म्हणालो, "छे! पहिलीत जीव होता, ती जुनी." अर्धा तास हमरीतुमरी. तोवर पडद्यामागं दोन्ही रेकॉर्डी कव्हरात गेल्या.

पडदा सारून सलीमभाई म्हणाले, "माफ करा यार, मधेच गिऱ्हाइकाचा फोन आला. बदलायची राहिली. दोन्ही वेळा एकच वाजली."

"कोणती?"

"तेच तर आठवत नाय!"

*

काकांची रेकॉर्ड आली. वडील मागं कोरसमध्ये. एवढ्या आवाजांत त्यांचा ओळखायचा कसा? काका म्हणाले, "दुसऱ्या कडव्याच्या आधी खोकतंय ना, ते आमचे दादा. तिथं आई म्हणायची, आले बघ तुझे दादा."

रेकॉर्ड लावली. आवाज असा लख्ख की जलशाची पार्टी समोर बसून गातेय. पहिलं कडवं झालं, धृपद संपलं, आणि दुसरं कडवं सरळ सुरू झालं. खोकला नाही! कॉम्प्युटरनं तो कचऱ्यात काढला होता.

"लई साफ केलं हो," काका एवढंच म्हणाले. आम्हाला फार वाईट वाटलं. सलीमभाईंनाही जिंकल्याचा आनंद होईना.

देशमुख उठले. सुई मागं नेऊन ठेवली आणि तिथंच उभे राहिले. धृपद संपलं, आणि देशमुख खोकले.

काकांनी मान हलवली.

"जरा उशीर झाला, साहेब. परत लावा!"