वारा पडलेली सकाळ

शमीम गेल्याची बातमी मला उशिराच कळली. केडगावातला आमचा फोन आठवडाभर बंद होता आणि मोबाईल मी वापरत नाही. शेवटी तिचा भाचा जावेद दौंडहून शटल गाडीनं आला. चपला काढून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, फुफी गेल्या. तुम्हाला लई फोन लावले… लागंना." त्याला आत ये म्हणायचंही मला सुचलं नाही. तिला माती देऊन झाली होती. किडनीचं दुखणं होतंच, डायलिसिस चालू होतं, त्यामुळं अनपेक्षित असं काही नव्हतं. त्रास झाला का, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. बोलायच्या तर त्या आधीच बंद झाल्या होत्या." मला त्या वेळी रडू आलं नाही. शेवटच्या काही वर्षांत शमीमनं स्वतःला एवढं आवरतं घेतलं होतं, की ती कुठंतरी आधीच निघून गेली होती आणि आता फक्त निरोप आला होता, असं वाटलं.

शमीम तांबोळी विज्ञान शिकवायची आणि मी मराठी. कारेगावच्या पुढं एका गावातल्या हायस्कुलात आम्ही एकाच वर्षी लागलो आणि शिरूरला एक खोली भाड्यानं घेऊन राहिलो. तिच्या वडिलांचं शिरूरच्या बाजारात विड्याच्या पानांचं दुकान होतं, पण सावत्र आईशी जमत नव्हतं म्हणून ती घर सोडून माझ्याबरोबर राहायला आली. माझे आबा मेंढरं राखायचे, पुढं शेती करायला लागले. आम्हा दोघींच्याही घरात मास्तरकी पहिल्यांदाच आली होती, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता. शमीमला तर जरा जास्तच. साडीला इस्त्री, वेणी घट्ट, आणि वर्गात शिरताना खडूचा डबा स्वतःच्या हातात. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तिच्या आयुष्याला वळण मिळालं ते शिक्रापूरजवळ. बोर्डाचे पेपर तपासून आम्ही पुण्याहून परत येत होतो. रस्त्यात एक टँकर कलंडला होता आणि त्यातून पिवळट धूर निघत होता. आमची एसटी थांबली तशी निम्मी माणसं खाली उतरून बघायला धावली. दोघं-तिघं तर कॅन घेऊन आले होते, डिझेल सांडलंय असं समजून. शमीम खिडकीतून ओरडायला लागली, "अहो, वारं कुठनं येतंय ते बघा! धुराच्या तोंडाला कशाला उभं राहताय?" कंडक्टर हसून म्हणाला, "बाई, वर्ग हितं भरवू नका." मग तिनं माझा दंड धरला आणि मला ओढत बाजूच्या ज्वारीच्या रानातून वाऱ्याला आडवी घेऊन गेली. धसकटं पायात घुसत होती, मी चिडले होते. थोड्या वेळानं रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला. ते ॲसिड होतं. कॅन भरायला वाकलेल्या एका माणसाचे हात मी नंतर पाहिले… त्याबद्दल इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा न उघडताच ती म्हणाली, "लता, आपल्या शाळेच्या पाठीमागं कंपन्यांनी काय काय साठवलंय, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, पोरं कामाला लागली. आत काय असतं हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. शमीमनं विचारायला सुरुवात केली. गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत. "ते कॉन्फिडेन्शिअल असतं, मॅडम," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की पुढं ती स्वतःच चेष्टेनं म्हणायची. आज भाजी काय, असं मी विचारलं की म्हणायची, "कॉन्फिडेन्शिअल."

मग तिनं गावाकडं मोर्चा वळवला. संध्याकाळी बायका जमवायची. ती कशी शिकवायची हे सांगायला हवं, कारण मी तिला तिच्या वर्गात कधीच एवढं खुलून शिकवताना पाहिलं नव्हतं. "उपणताना तुम्ही कुठं उभ्या राहता?" ती विचारायची. "भुसा तोंडावर येतो तिथं राहता का? मग वायू सुटला तरी तसंच. भुसा जिकडं उडंल तिकडं पळायचं न्हाई, आडवं पळायचं." बायका हसायच्या, पण त्यांना पटायचं. क्लोरीनचा वास कसा असतो, हे सांगायला तिनं पंचायतीच्या शिपायाकडून विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणली आणि प्रत्येकीला लांबूनच हुंगायला लावली. घराघरांत कोण म्हातारं अंथरुणावर आहे, त्याला कोण उचलणार, शाळा टेकाडावर आहे तर तिथं कुणी यायचं, हे सगळं तिनं गावाशी बोलून ठरवलं. औद्योगिक वसाहतीनं दिलेला भोंगा लोडशेडिंगमध्ये मुका व्हायचा, म्हणून शाळेची घंटा न थांबता वाजली की धोका समजायचा, असंही ठरलं. सरपंच आप्पा सुरुवातीला म्हणायचे, "बाई, गावाला भ्या घालू नका." नंतर तेच तालुक्याच्या साहेबांना घेऊन आले.

त्या बैठकीला मी होते. साहेबांनी छापील सूचना आणल्या होत्या. घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा, फटींना ओली फडकी लावा, सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. शमीमनं विचारलं, "आणि ओढ्याकडच्या पत्र्याच्या खोल्या? तिथं भाडेकरू राहतात. पत्र्याला फटी किती असतात, साहेब…" साहेब चांगले होते, रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण एकाच गावात दोन सूचना दिल्या की लोक कुठलीच पाळत नाहीत. एकच ठेवा." शमीमनं सूचनांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी येताना म्हणाली, "काहीच नसण्यापेक्षा बरं, न्हाई का?" मी म्हटलं, हो. मग तिनं त्या सूचना हिंदीत केल्या आणि रोज शाळा सुटल्यावर ओढ्याकडच्या खोल्यांत जायला लागली. बिहारचे, यूपीचे, मराठवाड्याचे लोक. पुरुष शिफ्टला, बायका घरी. त्यांतली रीना नावाची एक तरुण पोरगी तिच्या फार लाडाची झाली. चार वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती सूचना घडाघडा म्हणून दाखवायची, आणि बाकीच्यांकडूनही म्हणून घ्यायची. शमीम मला म्हणाली होती, "शिकली असती तर माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण झाली असती."

मग ती सकाळ आली. थंडीचे दिवस होते. प्रार्थना संपत आली होती आणि मुलं खोकायला लागली. टीसीएलचा वास. शमीमनं एक क्षण मान वर करून झेंड्याच्या दोरीकडं पाहिलं. दोरी सरळ खाली लोंबत होती. वारा पडला होता. इतकी वर्षं तिनं गावाला वारा शिकवला, आणि त्या दिवशी वाराच नव्हता. तिनं शिपायाला घंटा वाजवायला लावली, मुलांना वर्गांत घातलं, दारं लावून घेतली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सतरंज्या भिजवून दारांच्या खाली कोंबल्या. शाळा टेकाडावर, भिंती पक्क्या. आमच्या एकाही मुलाला काही झालं नाही. एका कारखान्यातली क्लोरीनची टाकी फुटली होती, आणि तो जड वायू वाऱ्याविना कुठंही न पांगता हळूहळू उताराला लागला, पाण्यासारखा… ओढ्याकडं. खोल्यांतले बहुतेक लोक घंटा ऐकून, सूचना विसरून, घाबरून वर रस्त्याकडं पळाले. खोकत, उलट्या करत पळाले, पण वाचले. रीना पळाली नाही.

शिरूरच्या दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा तिचा नवरा मनोज व्हरांड्यात बसला होता. रात्रपाळीहून परत आला तो थेट तिथंच. शमीमला पाहून तो उठून उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला आजही सहन होत नाही. तो म्हणाला, "मैडम, उसने सब वैसा ही किया था. एक भी फट नहीं छोड़ी थी. बच्ची को भी गीली साड़ी में लपेटा था." जणू तो तिच्या वतीनं उत्तरपत्रिका दाखवत होता. शमीमनं त्याच्यापुढं हात जोडले, आणि ते जोडलेले हात तिला किती तरी वेळ सोडवता येईनात.

त्या दोघींशिवाय गावात कुणी गेलं नाही. पेपरात गावाच्या प्रसंगावधानाचं कौतुक आलं. थोड्याच दिवसांत सत्कार ठरला. शमीमनं जाऊ नये असं मला वाटत होतं, पण ती गेली, कारण तिला माईक मिळणार होता. शाल पांघरून झाली, नारळ दिला, आणि ती उभी राहून म्हणाली, "दोघी गेल्या त्या मी शिकवलेलं ऐकलं म्हणून गेल्या. ज्यांनी ऐकलं न्हाई ते वाचले. ती सूचना चुकीची हाय, ती बदला…" अध्यक्षांनी हलकेच तिच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "बाईंचं मन फार हळवं आहे. अशा हळव्या मनाच्या शिक्षिका आपल्याला लाभल्या…" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या असतील, आठवत नाही.

त्यानंतर ती सूचना बदलून घ्यायच्या मागं लागली. पत्र्याच्या खोल्यांसाठी वेगळी, सखल भागासाठी वेगळी. तालुका, जिल्हा, परत तालुका. कुणी तिला हाकलून दिलं नाही. सगळे चहा द्यायचे. सूचना वरून आलेल्या आहेत, एवढंच म्हणायचे. आमच्या गावात पहिल्यांदा बैठकीला आलेले साहेब तोवर बदलून गेले होते. दरम्यान ती पुन्हा ओढ्याकडं जाऊ लागली. आता सांगायची, "अंदर मत बैठना, ऊपर भागो, स्कूल की तरफ़." पण रीनाच्या वेळचे लोक गाव सोडून गेले होते. नव्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना सांगून होईपर्यंत तेही जायचे, तिसरे यायचे. कॉन्ट्रॅक्ट संपलं की खोली रिकामी. एकदा खोल्यांच्या मालकानं मला रस्त्यात गाठलं. "बाई, तुमच्या मैत्रिणीला सांगा जरा. हितं मेलेल्याचं सारखं काढत्यात, भाडेकरू टिकंनात." मी सांगितलं नाही. त्यानंच सांगितलं असावं. एका संध्याकाळी शमीम शाळेतून थेट खोलीवर आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "ज्यांना सांगितलं ते गेले. जे आलेत त्यांना ठाऊक न्हाई. आन् मी आता थकले, लता."

तिची समजूत घालायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा म्हटलं, "शाळेतली सगळी पोरं तुझ्यामुळं वाचली, हे धर ना." ती म्हणाली, "अशी मोजणी नको करूस गं. मनोजला काय सांगू, तुझ्या दोघी वजा जाता बाकी एवढी?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. शिकवणं तिनं सोडलं नाही, पण धडा सोडून वर काही सांगणं सोडलं. प्रश्न विचारणारी मुलगी दिसली की मान खाली घालून पुढच्या आकृतीकडं जायची. निवृत्त झाल्यावर मी केडगावला आले आणि ती जावेदकडं दौंडला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. शेवटच्या वेळी गेले तेव्हा मी बडबडत होते आणि ती डोळे मिटून ऐकत होती. उठताना म्हटलं, "येते गं." ती डोळे न उघडताच म्हणाली, "आपल्या गावात वायू पुन्हा सुटला, तर आता लोक काय करतील?" मी म्हटलं, माहीत नाही. "मलाबी न्हाई," ती म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं ते.

तिचा चाळिसावा परवा झाला. फातेहा झाली, जेवणं झाली, पाहुणे गेले. जावेदची बायको नसीम भांडी आवरत होती, म्हणून मी जरा शमीमच्या खोलीत जाऊन टेकले. रस्त्याच्या अंगाची छोटी खोली. पलंग काढून टाकला होता, भिंतीवर त्याच्या डोक्याकडची तेलकट खूण तेवढी होती. बाहेरून ट्रकच्या धुळीचा लोट आत आला, म्हणून मी दार लोटलं आणि कडी लावायला हात वर केला. तिथं कडीच नव्हती. फळीत स्क्रूंची भोकं होती फक्त. खालची खिट्टीही काढलेली. खिडकीच्या अडण्याचंही तेच.

नसीम पदराला हात पुसत आली. "फुफी आल्या त्याच आठवड्यात काढायला लावल्या," ती म्हणाली. "थंडीतबी दार लावू द्यायच्या न्हाईत. रात्री उठून बघायच्या, कुणी लावलं तर न्हाई ना." मग जरा ओशाळून म्हणाली, "आता खोली भाड्यानं देतोय, मावशी. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत कामाला जाणारे दोघं जण येणार हायती एक तारखेपासून. त्यांनी तेवढ्या कड्या बसवून मागितल्या."

लोटलेलं दार आपोआप हळूहळू परत उघडलं, आणि आम्ही दोघी ते उघडताना बघत उभ्या राहिलो.