तमालपत्राचा मुकुट

आमच्या इंग्रजीच्या सरांनी ग्रीस पाहिला नव्हता. पण त्यांचे लाडके इंग्रज कवी ग्रीसवर जीव टाकत, म्हणून सरही टाकत. त्यातल्या एका कवीने तर स्वतःही ग्रीस पाहिला नव्हता. संग्रहालयातली मडकी बघून त्याने कविता लिहिली. दुसरा ग्रीकांच्या लढाईत उतरायला गेला आणि तिथे तापाने मेला. हा ताप सर दरवर्षी इतका रंगवून सांगत, की मागच्या बाकावरच्या मुली स्वतःचं कपाळ चाचपून बघत.

बासष्ट साली माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, बंगळुरातल्या एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथे एका जर्मन कंपनीने यंत्रं बसवायला मेकॅनिक पाठवला. तो निघाला ग्रीक. मी वर्गात हे सांगितलं आणि सरांच्या हातातला खडू खाली पडला.

"एकदा भेटव," ते म्हणाले. "निवृत्तीला वर्ष उरलंय. आमच्या कवींनी तुमचा देश बरोबर ओळखला का, एवढंच एका ग्रीकाला विचारायचंय."

चिकपेटमधल्या आमच्या घरी रविवारचं जेवण ठरलं. प्राचीन ग्रीक विजेत्यांना घालत तसा लॉरेलच्या पानांचा मुकुट पाहुण्याला घालायचा, असं सरांच्या मनाने घेतलं. लालबागेत ते झाड मिळेना. मग त्यांनी शब्दकोश उघडला आणि त्यातून थेट आमच्या मसाल्याच्या डब्यात उतरले. तमालपत्र त्याच कुळातलं!

आईने वाळकी पानं भिजवून गजरा ओवतात तशी दोऱ्यात ओवली. "उरलेली भातात घालते," ती म्हणाली. "पाहुण्याच्या डोक्यावर एक आणि ताटात एक, सरी?" बंगळुरात राहून तिच्या 'ठीक'चं कन्नड 'सरी' झालं होतं.

ग्रीक आला. बुटका, जाड मिशांचा, नखांत ग्रीस. म्हणजे यंत्राचं. सरांनी मुकुट चढवला आणि प्राचीन ग्रीकमध्ये भाषण सुरू केलं, इंग्रजी पुस्तकांवरून स्वतःच शिकलेल्या उच्चारांत. पाहुणा नम्रपणे ऐकत राहिला. मग अण्णाकडे वाकून त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "ही तुमची कन्नड का?"

अण्णाला ठसका लागला. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि इंग्रजीत तो एकच प्रश्न विचारला.

"ते कवी मी वाचले नाहीत," पाहुणा म्हणाला. "मी चौदाव्या वर्षी कामाला लागलो."

सर "अच्छा" म्हणाले आणि खुर्चीत बसले. मला इतकं वाईट वाटलं, की या माणसाला घरी आणल्याबद्दल मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

तेवढ्यात मुकुटातलं एक पान पाहुण्याच्या मांडीवर पडलं. त्याने ते चुरगळून हुंगलं. मग मुकुट काढून त्यात नाकच खुपसलं आणि वासाच्या मागावर थेट स्वयंपाकघरात गेला.

"माझी आई डाळीत घालते," तो पातेल्यावर वाकून म्हणाला. डोळे भरले होते. नऊ वर्षं घरी गेला नव्हता म्हणे. आईला इंग्रजी येत नव्हतं; तिने पाट मांडला आणि हाक मारली, "सर, तुम्हीपण या. भात निवतोय."

पाहुण्याने तीनदा मसालेभात घेतला. गावच्या शेळ्या, सारखा रुसणारा भाऊ, चुलीचा धूर, सगळं सांगत सुटला. सर खाली मान घालून जेवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तुमच्या घराच्या दारातून काय दिसतं?"

"समुद्र. आणि शेजाऱ्याचं गाढव."

सर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुढच्या वर्षी त्यांचं शेवटचं व्याख्यान झालं. विषय अर्थातच ते कवी आणि ग्रीस. मडकी झाली, ताप झाला. मग सरांनी टिपणं मिटली.

"ग्रीसमध्ये डाळीत तमालपत्र घालतात," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी जे शिकवलं, त्यात खात्रीने मला एवढंच माहीत आहे."

वर्ग खो खो हसला. मी वही उघडून ते लिहून घेतलं.