सहीपुरती सोबत

शेवटची ती माझ्याकडे सही मागायला आली तेव्हा माझे हात पिठात होते. "अक्का, चार दिसांची सही राहिली," मंगल म्हणाली आणि तिनं वही पुढे धरली. मी पदराला हात पुसले, चार ठिकाणी नाव लिहिलं आणि परत तव्याकडे वळले. तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीपाशी पडली. तिच्या नवऱ्यानं, आमच्या भाऊजींनी, टेम्पोत घालून नगरला नेलं, पण वाटेतच... दीड महिना झाला त्याला. उपाशी राहून राहून हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मंगल माझी धाकटी जाऊ. अकरा वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं. आमच्या घरात आधी पुरुष जेवतात, मग पोरं, मग आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, आणि शेवटी आम्ही दोघी. "तुमी बसा अक्का, मी मागनं जेवते," असं ती म्हणायची आणि मी जेवून भांड्यांना लागायचे. मागनं ती जेवली का, हे कुणी कधी पाहिलं नाही. शिवाय तिचे उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची धाकली लई देवाची हाय." तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या तरी आम्ही कौतुकच करत होतो. तुझ्यासारखं मला जमत नाही बाई, असं मीच तिला कितीदा म्हटलं असेल.

एकदा आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. मान खाली घालूनच ती म्हणाली, "अक्का, हे उपास देवाचे न्हाईत. मला घास गिळायचं भ्या वाटतं. पोटात अन्न गेलं की काय तरी पाप केल्यागत होतं." बचत गटात आलेल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं की हा आजार असतो आणि त्यावर इलाज असतो. "मला नगरला न्याल का? तुमी कुनाला बोलत न्हाई, म्हनून तुमाला सांगितलं."

माझा गुडघा दाखवायचा आहे असं घरी सांगून आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, मग समुपदेशक मॅडम तिच्याशी बराच वेळ एकटीशी बोलल्या. नंतर त्यांनी मला आत बोलावलं. हा हट्ट नाही, आजार आहे, म्हणाल्या. उपास बंद. रोज जेवताना तुम्ही तिच्या शेजारी बसून जेवायचं, किती खाल्लं ते बोलायचं नाही, बाकी काहीही बोला. तिला काय वाटलं ते तिनं वहीत लिहायचं आणि सोबत बसल्याची सही तुम्ही करायची. "मी चौथी शिकलेय, मला सहीपुरतंच येतं," मी म्हणाले. "मला तेवढीच हवीय," त्या म्हणाल्या. माझ्या सहीची इतकी गरज कुणाला पडली नव्हती.

मग रोज अकरा वाजता मागच्या पडवीत आम्ही दोघी ताट घेऊन बसू लागलो. पहिले काही दिवस तिचा घास हातातच वाळायचा. एकदा ती म्हणाली, "अक्का, तुमी जेवता का रवंथ करता वो? आपली म्हस बरी." मला हसता हसता ठसका लागला आणि त्या हसण्यात तिनं दोन घास खाल्ले. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. दोन महिन्यांत बांगड्या मनगटावर राहू लागल्या होत्या.

एक दिवस शेजारच्या बाया बसल्या असताना आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या सुना आता पाव्हन्यावानी आधी ताटावर बसत्यात. सासूला ठिवलीय वाढायला." बाया हसल्या. ती आजारी आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मंगलला म्हटलं, "तू बस, मी आलेच." आणि गेले नाही. तीही म्हणाली, "असू द्या अक्का, जमतंय मला." मला तेच ऐकायचं होतं. पुढे कांद्याची लागण आली आणि नगरची खेप चुकली. मॅडमचा फोन आला, "सोबत बसताय ना?" "व्हय," मी म्हणाले. एरवी मला बोलायला वेळ लागतो, तेव्हा लागला नाही.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी वही उघडली. अक्षर लावत लावत वाचली. मी ज्या दिवशी फिरकलेही नव्हते, तिथं तिनं लिहिलं होतं, "आज अक्का शेजारी होत्या. बरं वाटलं." मॅडमनी मला बोल लावू नये म्हणून लिहिलं असेल. का खरंच मी बसलेय असं धरून ती जेवायला बघत होती... ते आता कुणाला विचारू?

त्या दिवशी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या पायाचा अंगठा धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मला का न्हाई सांगितलं गं? मी काय वाघीन हाय व्हय?" आता अकरा वाजले की त्याच पडवीत पाट मांडतात आणि म्हणतात, "तू बस आधी. मी हाय हितं." मी बसते. घास माझ्याही हातात वाळतो.

हे मी त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर एकेक अक्षर जुळवत लिहिलं आहे. खाली सही केलेली नाही.