जबड्याखालची गाठ आणि तिचा चहा

आजवर कोणाजवळ बोललो नाही ते आधी सांगून टाकतो. नऊ वर्षांपूर्वी मी खर्रा सोडला, ही गोष्ट खोटी आहे. बायकोला ती खरी वाटते, नातेवाइकांना वाटते. आमच्या हुडकेश्वरच्या कॉलनीला तर इतकी वाटली, की एका गणेशोत्सवात मला व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायला उभं केलं. मी चाळीस मिनिटं बोललो. सुपारी-तंबाखू घोटून बनवलेल्या खर्र्याची पन्नी खिशातच होती.

झालं असं, की बायकोने तेव्हा गणपतीसमोर नवस बोलला: यांचा खर्रा सुटू दे, मी चहा सोडीन. चहा म्हणजे तिचा जीव. बशीत ओतून, डोळे मिटून प्यायची. मी आठ दिवस खरंच खाल्ला नाही. आठव्या दिवशी तिने चहा सोडला. नवव्या दिवशी मी पानठेल्यावर होतो. तेव्हाच घरी येऊन बोललो असतो तर तिचा एकाच दिवसाचा चहा गेला असता. पण मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक त्याला स्वभाव म्हणतात, मीही म्हणू देतो.

या हिवाळ्यात दाढी करताना डाव्या जबड्याखाली गाठ लागली. बोराएवढी. दुखत मात्र नव्हती. न दुखणारी गाठच वाईट, असं ऑफिसात कोणीतरी डबा खाता खाता सांगितलेलं. मग ती दुखावी म्हणून मी दाबू लागलो. सिग्नलला दाबायचो, साहेबांसमोर फाइल धरून दाबायचो. चौथ्या दिवशी जराशी दुखली, तेव्हा इतका आनंद झाला की येताना अर्धा किलो संत्रा बर्फी घेऊन आलो.

"कायची वो बर्फी?" बायकोने विचारलं.

"असंच," म्हणालो. कॅन्सर नसल्याची बर्फी, असं कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी गाठ पुन्हा गप्प. ती लपवायला दाढी वाढवली.

"काहून वाढवून राहिले दाढी? बैरागी व्हाचं हाय का?"

मी हसलो. स्कूटरच्या डिक्कीत, फडक्याखाली, त्या दिवशीचा खर्रा होता. भीतीने खाणं कमी झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. भीतीने वाढलं.

शेवटी गांधीबागेत एक दातांचा दवाखाना शोधला. घराजवळ तीन आहेत, पण तिथे ओळखीचं कोणी भेटायचं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती.

"काका, खर्रा खाता?"

"नाही."

"तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला."

दोन गेली. तिसरं बाहेरच अडलं.

"काका, मी नागपूरचीच आहे," ती म्हणाली. "तोंड सगळं सांगून राहिलं."

एक्स-रे पाहून तिने समजावलं. खालच्या दाढेचं मूळ सडलंय, आत पू आहे, त्यामुळेच बहुतेक गाठ आलीय. दाढ काढू. तीन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर सुईने तपासू. "पण तोंड असं कमी उघडणं साधं नाही. खर्रा आजपासून बंद. आणि दाढ काढायला येताना घरचं कोणी आणा."

घरचं म्हणजे बायको. तिला फक्त किडकी दाढ सांगितली. ती माझ्या बाजूला स्टुलावर बसली, पर्स मांडीवर. इंजेक्शनने माझा अर्धा चेहरा लाकूड झालेला. आणि डॉक्टरने विचारलं, "काका, खर्रा बंद ना?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मॅडम, नऊ वर्षं झाले! हातबी नाही लावत. मी चहा सोडला ना त्याच्यासाठी."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मग पक्कड उचलली. ती गरजेपेक्षा जोरात ओढली, असं मला अजून वाटतं.

बायको औषधं आणायला खाली गेली, तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाली, "मी नाही सांगणार, काका. तुम्ही सांगा."

बाहेर कापडाच्या दुकानांसमोर चहाची टपरी होती. बायको तिथे थांबली. आलं नुकतंच ठेचलेलं.

"वास किती चांगला येऊन राहिला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमी बोलू नका, कापूस पडंल."

डॉक्टरने कापूस एक तास धरायला सांगितला होता. मी अडीच तास धरला.

तीन आठवड्यांत गाठ विरली. खर्राही त्या दिवसापासून सुटलाय, या वेळी खरंच, पण हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की लिहिताना माझाच विश्वास बसत नाही. आता नवस खरा झाला, मग जुनं कशाला उकरायचं, असंही मन म्हणतं. इतकी वर्षं पन्नी लपवायच्या जागाही हेच मन सुचवत होतं.

आज दुपारी तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि स्वतः गरम पाणी घेऊन बसली. मी चहा प्यालो. तिच्या नऊ वर्षांच्या चहाचं देणं माझ्याकडून फिटणार नाही. पण हे सगळं तुमच्या आधी तिला कळायला हवं होतं. तेवढं सांगणं तरी मी तिला देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.