नानांची शिवण

खोळवाल्या नानांच्या दुकानात कुठलीही वस्तू नेली, की ते आधी वस्तूकडे बघतच नसत. ती आणणाऱ्याकडे बघत. वरपासून खालपर्यंत बघून झालं, की पहिला प्रश्न ठरलेला असे : "ही पडणार कुठून?" मी म्हणालो, पडणार नाही, मी जपून वापरतो. त्यावर मशीन न थांबवता ते म्हणाले, "मग खोळ कशाला पायजे? घरी जावा." आमची ओळख अशी झाली. पुढची काही वर्षं या माणसाने मला सतत वैताग दिला. मी त्यांना काय दिलं, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नाना विचुंब्याचे. रोज सायकलने पनवेलला येत. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं : एक शिलाई मशीन, एक फळी आणि भिंतीला टांगलेल्या खोळी. आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या, तबले, मृदंग यांच्या खोळी तेच शिवत. मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका कंपनीत नुकताच लागलेला सर्व्हिस इंजिनिअर. महाड, चिपळूणपर्यंतच्या कारखान्यांत एस.टी.ने फिरायचं आणि मशिनरीची तपासणी करायची. त्यासाठी कंपनीने आम्हा सहाजणांना एकेक लॅपटॉप दिला होता. तेव्हाचा लॅपटॉप म्हणजे पाटावरवंट्यातला पाटाच. अडॅप्टर विटेएवढा, फ्लॉपीची पेटी वेगळी, शिवाय वायरींचं जंजाळ. दोघांचे पडदे आधीच फुटले होते. साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, की तिसरा फुटला तर ज्याचा फुटेल त्याने घरी बसावं. आणि मी अजून कायमसुद्धा झालो नव्हतो.

तयार बॅगा मी मुंबईत बघितल्या होत्या. त्या दिसायला झकास होत्या, पण आत नुसतं अस्तर. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून नानांकडे गेलो आणि अडकलो. बॅग कुठल्या खांद्याला लावता? उभ्याने प्रवास करता की बसून? गाडीत डुलकी लागते का? वाटेत वडे खाता का, म्हणजे हात तेलकट असतात का? मी एक दिवस चिडून म्हणालो, नाना, बॅग शिवायची आहे, माझी सोयरीक जुळवायची नाही. त्यांनी शांतपणे दोन विटा फडक्यात बांधून माझ्या खांद्याला अडकवल्या आणि मला बाजारातून एक फेरी मारून यायला लावलं. भर बाजारात, इस्त्रीचा शर्ट घालून, विटा घेऊन मी चाललोय. परत आलो तर म्हणाले, "डावीकडं झुकता. पट्टा आखूड करतो."

लॅपटॉपला ते वाद्यच म्हणत. वाद्य बाहेरच्या माराने फुटत नाही, आत हलतं म्हणून फुटतं, हा त्यांचा सिद्धांत. तो ते प्रत्येक भेटीत मला पहिल्यांदाच सांगितल्यासारखा सांगत. आत बोटभरही जागा मोकळी राहता कामा नये. एका कप्प्यात दोन वस्तू नकोत, "भांडतात त्या". अडॅप्टर तापतो म्हटल्यावर त्याच्या कप्प्याला जाळीचं कापड लावलं. प्रत्येक वायरीला वेगळं घर आणि घराचं तोंड वेगळ्या आकाराचं. मग माझे डोळे मिटायला लावले आणि फोनची वायर काढा म्हणाले. मी माऊसची काढली. "बगा, कारखान्यात लाइट गेली तर काय करणार?" असं म्हणून त्यांनी पुन्हा सगळं उसवलं. बाहेरचा कप्पा त्यांनी काही केल्या दिला नाही. तो चोरासाठी असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

तीन आठवडे झाले तरी बॅग मिळेना. शेवटी कळलं, की परीक्षा चालू आहे. नाना तिच्यात दहा उडदाचे पापड घालून विचुंबे-पनवेल सायकलने ये-जा करत होते. त्या वेळचा तो रस्ता बघितलेल्याला पापडांची दया आली असती. नऊ शाबूत राहिले, एकाचा कोपरा गेला. मी म्हणालो, पुरे झालं, द्या आता. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाची घाई आन् वाद्याचा जीव, मी कुणाचं बघू?" आणि तळ पुन्हा शिवायला घेतला.

बॅग अप्रतिम झाली होती. पण राखाडी ताडपत्री, कडेला तपकिरी रेक्झिन, म्हणजे हुबेहूब पेटीची खोळ. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, सहा महिने टिकली तर सगळ्यांसाठी अशाच शिवून घेऊ. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी ताडपत्रीचा एक अख्खा गठ्ठा आणून फळीखाली ठेवला. ऑफिसात मात्र मला रोज कुणीतरी विचारी, आज भजन कुठल्या गावाला? दोन महिने ऐकून घेतलं. मग मुंबईहून काळीभोर, चकचकीत बॅग आणली आणि नानांची बॅग कपाटात ठेवली.

महाडच्या वाटेवर मी ती नवी बॅग वरच्या फळीवर टाकली आणि झोपलो. गाडीने करकचून ब्रेक मारला. बॅग खाली आली. पडद्यावर कोळ्याचं जाळं उमटलं होतं.

साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडून निघालं, की पनवेलच्या बॅगेच्या तळाची शिवण उसवली. आधीपासून ठरवून बोललो नव्हतो, पण निघाल्यावर थांबवलंही नाही. साहेब म्हणाले, असल्या गल्लीतल्या कारागिरांवर विश्वास ठेवायलाच नको होता. माझी नोकरी वाचली, बाकीच्यांच्या पाच बॅगा रद्द झाल्या. नानांनाही मी तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

नानांनी मशीन थांबवलं. मी त्यांना मशीन थांबवून बोलताना तेव्हा प्रथम पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, की शिवण कुठल्या कोपऱ्यातून गेली, आणि बॅग आणून दाखवा म्हणाले. मी हो म्हणालो. नंतर ते भेटतील तेव्हा विचारत, आणि मी कधी दौरा, कधी पाहुणे असं काहीबाही सांगे. शेवटी ती गल्लीच सोडली. तरी कानावर यायचंच : नाना हल्ली प्रत्येक तळ तीनदा शिवतात, जुन्या खोळी मागवून उसवून बघतात, मंडळांना पेट्यांच्या खोळी वेळेवर मिळत नाहीत. लोक त्यांना कंटाळले होते. आणि मी, खरं सांगतो, त्यांच्यावर चिडत होतो. एका शिवणीसाठी माणसाने इतकं मागे लागावं?

एका रविवारी ते थेट खांदा कॉलनीत आमच्या घरी आले. मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तर नाना खुर्चीच्या कडेवर बसलेले आणि मांडीवर ती बॅग. माझ्या बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मागितली, तिने कपाटातून काढून दिली. वर म्हणत होती, "काका, ही तर कोरीच आहे. हे वापरतच नाहीत." नाना अंगठा फिरवत होते : तळ, चारही कोपरे, पट्ट्याची मुळं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचा चेहरा मात्र तापातून उठलेल्या माणसासारखा मोकळा झाला होता. "शिवण नाय गेली," ते म्हणाले. चहा प्यायले. जिना उतरताना मागे वळून म्हणाले, "भाऊ, सायबांना येवढं सांगा. शिवण नव्हती गेली."

सोमवारी मी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी होतं. मंगळवारी कुणी नव्हतं, तरी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात नानांनी बाजारात गाठून विचारलं तेव्हा म्हणालो, सांगितलं. साहेब काय बोलले? म्हणालो, 'बघू' म्हणाले. या 'बघू'वर त्या माणसाने तो गठ्ठा राखून ठेवला. दुसरं गिऱ्हाईक त्या कापडाला हात लावायला गेलं तर म्हणत, तो कंपनीचा हाय. दर वेळी मला विचारत, कंपनीला घाई नाही ना? नाही म्हणून मी पुढे जाई. हळूहळू मला त्या प्रश्नाचा इतका राग येऊ लागला, की ते आजारी आहेत आणि दुकान बंद आहे असं कळलं त्या आठवड्यात मला चक्क बरं वाटलं. साहेब पुढे बदलून गेले. आता सांगायला माणूसही उरला नाही, याचंसुद्धा बरंच वाटलं.

नव्याण्णवच्या सुमारास नानांनी बोलावणं धाडलं. त्यांची नजर पार अधू झाली होती, दुकान सोडत होते. फळीखालचा गठ्ठा फोडलेला. एक बॅग शिवून तयार होती. माझ्या हातात देत म्हणाले, "कंपनीची पहिली. बगा, शिवण सरळ हाय का?"

शिवण वाकडी होती. तळाशी तर पार नागमोडी गेली होती.

"सरळ आहे," मी म्हणालो.

त्यांनी बॅग परत घेतली. अंगठा टेकवला आणि कडेकडेने सावकाश फिरवत नेला. मग म्हणाले, "डोळं गेलं, भाऊ. अंगठा हाय अजून." बॅग माझ्याकडे देत म्हणाले, "सायबांना बी नाय सांगितलंत ना?"

"नाही," मी म्हणालो.

यापुढे ते काहीतरी बोलतील म्हणून मी उभाच राहिलो. त्यांनी मशीनच्या खणात चाचपून ब्लेड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी स्टुलावर बसलो आणि तळ उसवायला लागलो. ते मधून मधून बॅग मागून घेत, अंगठा फिरवत, आणि एखादा दोरा राहिला असेल तर ती पुन्हा माझ्याकडे सरकवत.