पाठ कोणत्या बाजूला

देशकरकाकांसमोर वही उघडली की पहिला प्रश्न ठरलेला. “पाठ कोनत्या बाजूले?”

प्रश्न चॅनेलचा, म्हणजे तीन बाजू बंद आणि एक उघडी अशा लोखंडी तुळईचा. मधलं बंद अंग ती पाठ, उघडं ते तोंड. काका तुपाच्या डब्याचा पत्रा वाकवून तसं चॅनेल करत, एक टोक टेबलाच्या फटीत अडकवत आणि दुसऱ्या टोकाला कुलूप टांगत. पत्रा वाकायचा आणि पीळही खायचा. मग पाठीमागे काडी चिकटवून कुलूप तिच्यावर सरकवलं की पीळ गायब. “हे शिअर सेंटर. लोखंडाच्या बाहेर, हवेत. आता कावून पिळलं नाही, सांग.”

भिलाई मध्य प्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. काका तिथल्या पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, मी चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा. नोकरी सांभाळून इंजिनीअरिंगची परीक्षा देत होतो आणि तुळयांच्या याच पेपरात दोनदा आपटलो होतो. काका फुकट शिकवत, वर “भूसा भरला हाय तुह्या डोक्यात” हे ऐकवत. पण पाठ कुठे हे दाखवणारा बाण काढला नाही की बाकीचं गणित बघायचेसुद्धा नाहीत.

परीक्षेच्या तोंडावर याच चुकीसाठी त्यांनी मला घरी हाकललं. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने गेलो. “एका बाणासाठी एवढं काय, काका?”

त्यांनी माझी वही मिटली. मग म्हणाले, “एक मानूस मेला त्या बाणापायी.”

बऱ्याच वर्षांपूर्वी भिलाईजवळच्या हथखोजच्या एका कारखान्यासाठी त्यांनी बाहेरचं जादा काम म्हणून ड्रॉइंग केलं होतं. चॅनेलला विजेची जड मोटार पाठीच्या बाजूने टांगायची होती, पण पाठ कुठे तो बाण काढायचा राहिला. बिसाहू नावाच्या फिटरने चॅनेल उलटं बसवलं. त्याला पीळ बसला, बोल्ट तुटले आणि खाली उभा खलाशी, म्हणजे जड सामान उचलणारा मजूर, मोटारीखाली चिरडला.

“चौकशीच्या आधी म्या मूळ कागदावर बाण काढला. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. साइटवरची कॉपी चुलीत घातली. नोकरी जाईल म्हणून भेलो रे. दोष बिसाहूवर आला, त्याले कामावरून काढलं.”

मला त्यांची किळस आली, आणि ती मी लपवली नाही. “त्याला जाऊन सांगा,” म्हणालो.

“तुही परीक्षा होऊ दे. मंग तूच घेऊन चाल मले.”

मी पास झालो. बिसाहू अहिवारा नावाच्या गावी होता. चुनखडीच्या खाणीत दगड फोडून छातीचं खोकं झालेलं, खाटेवर पडलेला. काकांनी हात जोडून सगळं सांगितलं. मला वाटलं, तो शिव्या देईल. त्याने छत्तीसगढीत एवढंच विचारलं, “त मोर गलती नइ रिहिस, साहब?”

इतकी वर्षं तो चूक आपलीच मानून स्वतःलाच खुनी समजत आला होता.

मेलेल्या खलाशाच्या आईला दाखवायला त्याला ते कागदावर हवं होतं. काका सांगत गेले, मजकूर मी लिहिला आणि त्यांनी खाली सही करून पेन मला परत दिलं. बिसाहूला वाचता येत नव्हतं. कागद उलटासुलटा करत, आपली चूक नाही ही ओळ कुठे आहे, ते त्याने विचारलं, “कोन जघा लिखे हे, मोर गलती नइ हे?”

काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीसमोर बाण काढला.